मजबुती

15 किलोचा तेलाचा डबा उंचीला जवळपास 14 इंच भरतो आणि आमच्या ओट्याखालच्या कपाटात सुताराने फळी ठोकली आहे 12 इंचांवर. या दोन इंचांपायी माझा रविवार गेला. रविवाराचं एक वेळ सोडा, खालच्या मजल्यावरचे काका गेले नाहीत.

आले होते हातोडीच्या आवाजाची तक्रार घेऊन. पण कपाटात कमरेपर्यंत शिरलेला मी दिसताच तक्रार विरघळली. त्यांनी स्टूल ओढलं.

"फळी काढताय? कशाला?"

"डबा मावत नाही, काका."

"मग पाच-पाच किलोचे तीन आणा. फळीला कशाला छळताय?" मग वाकून, "स्क्रू दिसतायत?"

"नाही."

"दिसायचेच नाहीत! बाहेरच्या बाजूने मारलेत, वरून सनमायका चिकटवलाय." सुतार जणू त्यांचा जावई असावा, इतका अभिमान. "शिवाय कडेला डिंक. सूनबाई, चहात साखर कमी हं."

सुताराला फोन केला. "साहेब, ती नाही निघणार. मजबुती आहे!" मजबुती कोणी मागितली होती? कारखान्यात तयार झालेल्या कपाटांच्या बाजूंना दर 32 मिलिमीटरवर एक भोक असतं. चार पिना उचला, फळी वर-खाली करा. आमच्याकडे मात्र बाईने उद्या कुठला डबा आणावा हे सुतार आजच ठरवून जातो, आणि पैसे आपण मोजायचे.

शेवटी फळीच्या कडेने कटर फिरवून सनमायका चिरला, मग हॅक्सॉ ब्लेडने फळी मधोमध कापायला घेतली. 18 मिलिमीटरचं प्लाय, अडकलेला खांदा, आणि मागून समालोचन: "तिरकं जातंय... गेलंच तिरकं." एकेक अर्धं खालीवर हलवत उपटलं. दुसऱ्या अर्ध्याबरोबर बाजूच्या सनमायक्याचा तळहाताएवढा टवकाही आला.

"बघा, म्हटलं होतं," काका म्हणाले. काय म्हटलं होतं, ते विचारण्याचं त्राण नव्हतं.

टवक्यासाठी पुन्हा सुतार. तळहाताएवढा तुकडा सुटा मिळत नाही म्हणे, 8 बाय 4 फुटांचं अख्खं शीट घ्यावं लागेल. "आणि साहेब, हे डिझाइन आता बंद झालं."

काका म्हणतात, तिथे कॅलेंडर लावा. कपाटाच्या आत!