हरण्यासारखे काहीच नसलेला डाव

घरगुती संगणकांच्या सुरुवातीच्या काळाविषयी लिहिणारे बहुतेक जण ‘स्ट्रिप पोकर’चा, म्हणजे हरणाऱ्याने एकेक कपडा उतरवायच्या पत्त्यांच्या डावाचा, विषय एखाद्या चावट विनोदावर उरकतात. मला मात्र त्या काळच्या यंत्राची तोकडी ताकद आणि विक्रेत्यांची हुशारी इतकी उघडी पाडणारा दुसरा प्रकार आठवत नाही.

‘आर्टवर्क्स’ या अमेरिकी कंपनीने १९८२ मध्ये ॲपल टू संगणकासाठी असा खेळ आणला. समोर सुझी किंवा मेलिसा बसलेली असे आणि तिच्याजवळची रक्कम संपली की अंगावरचा एक कपडा पणाला लागे. पुढे नवे प्रतिस्पर्धी वेगळ्या डिस्कवर विकले गेले, त्यांत पुरुषही होते. म्हणजे डाव जुनाच, चेहरा नवा आणि पैसे पुन्हा मोजायचे.

पण पत्तेच का? झेडएक्स स्पेक्ट्रम या ४८ केबी मेमरीच्या ब्रिटिश घरगुती संगणकावर पडदाभर चित्राला ६९१२ बाइट लागत, त्यामुळे सगळी मेमरी त्यालाच दिली तरी जेमतेम सात चित्रे मावली असती. हालचाल दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र पत्ते खेळणारा माणूस एका जागी बसून असतो, हे कोणालाच खटकत नाही. त्यातून आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग भरता येत, तेव्हा कातडीच्या छटा वगैरे विसराच.

१९८६ मध्ये ब्रिटनच्या ‘मार्टेक’ने सॅमंथा फॉक्स या मॉडेलच्या नावाने असाच खेळ काढला. ‘द सन’ या वृत्तपत्राच्या तिसऱ्या पानावरच्या अर्धनग्न छायाचित्रांतून ती घराघरांत पोहोचलेली होती, त्यामुळे पोकर बरा की वाईट, हे विचारायचे कारणच उरले नव्हते.

माझा आक्षेप अश्लीलतेवर नाही, खेळावर आहे. दिवाळीत रुपया-रुपयाची तीन पत्ती खेळतानाही ब्लाइंड चाल करताना हात क्षणभर अडतो, कारण तो रुपया आपला असतो. इथे कपडे उतरणार ते फक्त पडद्यावरचे. खुर्चीत बसलेल्याचा सदरा यंत्र कसा काढून घेणार? मग पाने चांगली असल्याची थाप मारण्यात गंमत ती काय? एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, असा एक खेळ चालवून पाहिला, तेव्हा मी एकदाही पॅक न करता वाटेल त्या पानांवर चाल करत गेलो. हरलो तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, एवढीच काय ती शिक्षा.