धंदा कराच, घटना पाठीशी आहे

तर तुम्ही धंदा काढायचं ठरवलंय. उत्तम! पहिलं काम म्हणजे राज्यघटनेचं कलम १९(१)(जी) फ्रेम करून गल्ल्यामागे लावा, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी. कोणताही व्यवसाय, व्यापार वा धंदा करण्याचा मूलभूत हक्क! फ्रेम मात्र बेतानं घ्या. त्याच कलमातला सहावा खंड तिच्यात मावता कामा नये. तिथे ‘वाजवी निर्बंध’ राहतात. शिवाय १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीपासून सरकारला तुमचाच धंदा स्वतः करून तुम्हाला पुरतं किंवा थोडं बाहेर ठेवायचीही मुभा आहे. सकाळी सकाळी गिऱ्हाइकाच्या नजरेला हे कशाला?

भांडवल तुटपुंजं असेल तर फुटपाथ निवडा. ‘रस्ता फक्त येण्याजाण्यासाठी’ एवढ्या कारणानं, नीट नियमन केलेला फेरीचा धंदा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सोदन सिंग खटल्यात सांगितलंय. २०१४चा पथविक्रेता कायदा तर आईच्या मायेचा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कुणाला उठवायचंच नाही! तेव्हा अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली की पळू नका. शांतपणे कायद्याची प्रत काढा, चष्मा लावा, कलम शोधा. तोवर हातगाडी ट्रकमध्ये चढलेली असेल, म्हणजे वाचायला जागाही मोकळी मिळेल. काळजी नको. जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा, असंही त्यात लिहिलंय. कोथिंबिरीला तेवढं समजावून ठेवा, की बाई, साहेब मीटिंगमधून येईपर्यंत धीर धर. (मेथी मुळातच हळवी, तिच्या वाटेला जाऊ नका.)

पुढे भरभराट होऊन मोठ्या कंपन्यांना माल पुरवू लागलात, तर २००६चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा आहेच. करार असला तरी पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक ठरवते त्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दरानं, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. हे व्याज अवश्य मागा. आयुष्यात एकदाच मागता येतं. पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते.

आणि स्थानिक उद्योजकांच्या गौरव सोहळ्याचं निमंत्रण आलं तर चुकवू नका. शाल घ्या, श्रीफळ घ्या, फोटोत मधे उभे राहा. शेवटच्या रांगेत एक गृहस्थ टाळ्या न वाजवता बसलेले दिसतील. ते मांडववाले. गेल्या वर्षीच्या सोहळ्याचं बिल घेऊन आलेत.