गोळ्या बंद करायला सांगणारं ते इम्प्लांटचं फॉरवर्ड

आतोबांच्या गोळ्यांच्या डबीला सात कप्पे आहेत. गुरुवारी संध्याकाळी सहज झाकणं उघडून बघितली, तर सोमवारपासूनच्या चारही कप्प्यांत रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या तशाच. बीपीची तेवढी घेतलेली. "विसरलात का?" विचारलं, तर म्हणाले, "विसरतोय कशाला? बंद केल्यात. पुढच्या आठवड्यात दाढेचं इम्प्लांट आहे ना, आठ दिवस आधी थांबवायच्या असतात." आणि पुरावा म्हणून फोन पुढे केला.

आतोबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसून सात महिने झालेत. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू रोवून त्यावर बसवलेला कृत्रिम दात. आणि मी दातांचीच डॉक्टर आहे. (घरच्या माणसाच्या जबड्यात ड्रिल चालवायला माझा हात धजत नाही, म्हणून इम्प्लांट दुसऱ्या डॉक्टरांकडे ठरलं होतं.) तरी मला एका शब्दाने न विचारता त्यांनी विश्वास ठेवला तो "इम्प्लांट करण्यापूर्वी हे वाचाच, डॉक्टर कधीच सांगणार नाहीत" या मेसेजवर. खाली नेहमीचं शेपूट होतंच: "पुढे पाठवा, कोणाचा तरी जीव वाचेल."

जीव वाचेल म्हणे! मग त्याच मुद्द्यापासून सुरुवात करू. "रक्त पातळ करायच्या सर्व गोळ्या आठ दिवस आधी स्वतःहून बंद करा, नाहीतर रक्त थांबत नाही."

आठ दिवस हा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं मान्य. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम झालेली प्लेटलेट (रक्त गोठवणारी पेशी) पुन्हा कामाला लागत नाही. ती मरून नवी यावी लागते, आणि प्लेटलेटचं आयुष्य साधारण 7 ते 10 दिवसांचं. म्हणजे गोळी थांबवली की आठवडाभरात रक्त पुन्हा नेहमीसारखं गोठू लागतं. पण नव्या स्टेंटमध्ये ते गोठू नये म्हणूनच तर गोळी दिलेली असते! हिरडीतून येणारं रक्त डोळ्यांना दिसतं. टाके घालता येतात, गॉज चावून धरता येतो, रक्त थांबवणाऱ्या औषधाने चूळ भरता येते. स्टेंटमध्ये धरलेली गुठळी दाबायला कोणाचं बोट पोहोचणार आहे?

हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 साली याच विषयावर सल्लापत्रक काढलं, आणि त्यावर हृदयरोगतज्ज्ञ व सर्जन यांच्या संघटनांबरोबर अमेरिकन डेंटल असोसिएशनही होती. म्हणजे दातवाल्यांनीच सही केलेला कागद आहे हा. त्यात स्वच्छ म्हटलंय की स्टेंटनंतरच्या या गोळ्या वेळेआधी बंद केल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक आणि मृत्यूचा धोका खूप वाढतो. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरने बंद करायला सांगितलं, तरी पेशंटने आधी आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं. आणि जी शस्त्रक्रिया थांबू शकते, ती पुढे ढकलावी. इम्प्लांट थांबू शकतं. दाढेची जागा आणखी काही महिने रिकामी राहिल्याने कोणी दगावत नाही.

रक्तस्रावाची भीती अगदीच खोटी आहे असं मात्र नाही. खालच्या पुढच्या दातांजवळ ड्रिल हाडाच्या आतल्या बाजूने बाहेर पडलं, तर जिभेखाली रक्त साठून श्वास अडू शकतो. क्वचित घडतं, पण घडतं. एकाच वेळी बरीच इम्प्लांट असतील, हाड भरायचं असेल, तर काही औषधांच्या वेळा बदलाव्याही लागतात. पण ते दोन डॉक्टर आपसांत बोलून ठरवतात, फॉरवर्ड नव्हे.

बाकीचे मुद्दे भराभर उरकते.

"वरच्या दाढेचं इम्प्लांट केलं की डोळा जातो." दातांची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. तिथे हाड कमी पडलं तर आधी हाड वाढवावं लागतं. खरी जपायची नस खालच्या जबड्यात आहे. तिला धक्का लागला तर ओठ-हनुवटी बधिर राहू शकते. त्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही! तुमचा स्कॅन कुठला काढलाय आणि त्यात नस किती लांब दिसतेय, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

"नंतर कधीच एमआरआय करता येत नाही." टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. तोंडाजवळचं चित्र थोडं बिघडतं. कवळी चुंबकावर बसणारी असेल तर मात्र आधी सांगायचं.

"शरीर ते बाहेर फेकतं." स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम काढायला गेल्यावर निघेना, तिथूनच तर ही गोष्ट सुरू झाली. त्यांच्या पहिल्या पेशंटला, योस्टा लार्सनला, 1965 मध्ये बसवलेली इम्प्लांट 2006 मध्ये तो वारला तोपर्यंत टिकली. इम्प्लांट निकामी होतात, हे खरं. पण त्याची कारणं सिगारेट, जंतुसंसर्ग, कच्चं हाड, चुकलेलं काम अशी असतात.

"मधुमेह्यांनी विसरा." साखर बेताल असेल तर जखम भरत नाही, म्हणून थांबायचं. आटोक्यात असेल तर करतात.

"हाडांच्या ठिसूळपणाची औषधं घेणाऱ्यांनी करू नये." इथे मेसेजवाल्याला अर्धे गुण. काही औषधांनी जबड्याचं हाड न भरता उघडं पडून कुजू शकतं, कॅन्सरसाठी शिरेतून दिलेल्या इंजेक्शनांनंतर जास्त. म्हणून औषधाचं नाव सांगायचं. पण सरसकट बंदी नाही.

"कीड लागत नाही, ब्रशही नको." स्क्रूला कीड लागत नाही, कबूल. पण भोवतालची हिरडी सुजून खालचं हाड झिजतं, आणि बऱ्याचदा दुखतही नाही. हलायला लागल्यावर कळून उपयोग काय?

"डॉक्टर औषधं विचारतच नाहीत" हा शेवटचा टोमणा काही दवाखान्यांना लागू आहे, नाइलाजाने मानते. आतोबांच्या फॉर्मवर मात्र "चालू औषधे" असा रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं होतं: बीपी. स्टेंटचा उल्लेख नाही. "दाताचा नि हृदयाचा काय संबंध?" हे वर.

त्याच रात्री हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. पहिली दोन मिनिटं आतोबांनी निमूट ऐकून घेतलं. गोळ्या लगेच सुरू करायच्या आणि स्टेंटला वर्ष होईपर्यंत इम्प्लांटचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. आता डबी आत्याच्या ताब्यात आहे, आणि फॉर्मवरचा तो रकाना मी त्यांच्याचकडून पुन्हा लिहून घेतलाय.