फ्लॅशवर टिश्यू चिकटवल्याने प्रकाश मऊ होत नाही

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: "महागडा डिफ्यूझर विसरा. फ्लॅशवर टिश्यू पेपर नाहीतर दुधाची रिकामी पिशवी चिकटवा आणि पार्टीत स्टुडिओसारखा मऊ प्रकाश मिळवा. जितके थर जास्त तितका प्रकाश मऊ. कुठेही चालतं, मोबाइललासुद्धा. खर्च शून्य."

खर्च शून्य, एवढं खरं आहे.

प्रकाश मऊ म्हणजे सावलीची कड विरलेली. ती कड कशी पडेल हे दिवा समोरच्या माणसाला केवढा दिसतो यावर ठरतं, दिव्यावर पांढरं काय बांधलंय यावर नाही. सूर्य अवाढव्य, पण इतका लांब की आभाळात नाण्याएवढा दिसतो. म्हणून भर दुपारची सावली सुरीने कापल्यासारखी. ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावली नाहीशी होते. कॅमेऱ्यावर बसवायच्या फ्लॅशचं तोंड साधारण ७ बाय ४ सेंटिमीटर. टिश्यू लावल्यावरही तेवढंच.

पटत नसेल तर स्टीलचा तांब्या टेबलावर ठेवा. एक फोटो नुसत्या फ्लॅशने काढा, एक टिश्यू लावून. तांब्याच्या पोटावर उमटलेला पांढरा ठिपका दोन्हींत जवळजवळ सारखाच दिसेल. आता फ्लॅशचं डोकं छताकडे वळवून तिसरा काढा. ठिपक्याच्या जागी मोठा पसरट उजेड येतो. नवरीच्या गालावर नथीची जी काळी रेघ पडते, तिचंही हेच गणित.

थर वाढवण्याचा सल्ला तर उफराटाच. थरांनी उगम मोठा होत नाही, फक्त उजेड घटतो. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, म्हणून दोन स्टॉप गेले म्हणजे चौथा हिस्सा उरला. ४० गाइड नंबरचा (हा फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) फ्लॅश आयएसओ १०० (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) आणि एफ ५.६ला (लेन्सच्या छिद्राचं माप) सुमारे ७ मीटर पोचतो. दोन स्टॉप खाल्ले की साडेतीन. टीटीएलवर, म्हणजे कॅमेराच लेन्समधून उजेड मोजतो त्या मोडवर, हे चटकन कळत नाही, कारण फ्लॅश आपणहून जोर वाढवतो आणि फोटो ठीकच दिसतो. किंमत सेल मोजतात. चार्ज व्हायला वेळ लागू लागतो आणि नेमका केक कापताना फ्लॅश मुका.

"कुठेही चालतं" या दाव्यात मात्र थोडं तथ्य सापडतं. रामबागेतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये बारसं असेल, भिंती पांढऱ्या, छत खाली, तर टिश्यूने आजूबाजूला सांडलेला उजेड भिंतींवरून परत येतो आणि फोटो खरंच बरा दिसतो. पण श्रेय भिंतीचं. त्याच खोलीत फ्लॅश सरळ छताकडे, किंचित पुढे झुकवून मारा. कमी नासाडीत जास्त मऊ. छत पोपटी रंगवलेलं असेल तर सगळे पाहुणे आजारी दिसतील, तेवढं बघून घ्या. आणि रिसेप्शन मॅरेज गार्डनमध्ये असेल तर वर आभाळ, बाजूला शामियाना. तिथे टिश्यूच काय, बाजारातली डिफ्यूझरची प्लास्टिकची टोपीही उजेड वाऱ्यावर सोडते.

तिथे उपयोगी पडतं ते कार्ड. खजुरी बाजारात हस्तकलेची पांढरी फोम शीट मिळते. तिचा २० बाय १५ सेंटिमीटरचा तुकडा कापा, फ्लॅशचं डोकं वर करा, तुकडा मागून इलॅस्टिकने बांधा आणि वरची कड जराशी पुढे वाकवा. क्षेत्रफळ फ्लॅशच्या तोंडाच्या दहापट. मीटर-दीड मीटरवरच्या चेहऱ्याला फरक दिसतो. चार-पाच मीटरवरच्या ग्रुपला हे कार्डही चिमुकलंच. त्याची जादू तिथे संपते, हे आधीच सांगतो. अशा वेळी आयएसओ १६०० करून, शटर १/६० सेकंद ठेवून गार्डनच्या दिव्यांनाही थोडं काम करू द्यावं.

मोबाइलचा दिवा मुळातच दुबळा. त्यावर टिश्यू म्हणजे उपाशी माणसाला उपास. दुसऱ्या कुणाच्या मोबाइलची टॉर्च जवळच्या पांढऱ्या भिंतीवर मारून बघा.

राहिली दुधाची पिशवी. तिच्यावरच्या छपाईचा रंग प्रकाशात उतरतो. शिवाय पूर्ण जोरावर लागोपाठ वीसेक फोटो मारले की फ्लॅशचं तोंड चांगलंच तापतं आणि त्याला चिकटलेलं पातळ प्लास्टिक आक्रसायला लागतं. माझ्या जुन्या फ्लॅशच्या काचेवर अजून तो सुरकुतलेला डाग आहे, आणि कडेला चिकटपट्टीचा गोंद. तो खोबरेल तेल चोळूनसुद्धा पुरता निघालेला नाही.