तासाभराच्या उन्हाने बांयचं पाणी शुद्ध होत नाही

आठवडाभर गोव्यात डिचोलीतल्या आमच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे: ‘बांयचं (विहिरीचं) पाणी उकळून गॅस वाया घालवू नका. स्टीलच्या कळशीत नाहीतर काचेच्या बरणीत भरून तासभर उन्हात ठेवा. अतिनील किरण जंतूंचा डीएनए तोडतात आणि डीएनए तुटला की जंतू मेला. उरलेले दुबळे होतात, ते पोटाला बाधत नाहीत.’ लहान मुलं असलेल्या दोघीजणींनी हे वाचून पाणी उकळणं बंद केलं. मी जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे गप्प बसवेना.

‘डीएनए तुटला की जंतू मेला’ हे वाक्यच मुळात चूक आहे. अतिनील किरणांनी डीएनएला इजा होते, हे खरं. शेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात आणि तिथे डीएनएची नक्कल अडते. पण जीवाणूंकडे त्यावर दुरुस्ती असते. 1965 साली अमेरिकेतल्या बर्कलीत क्लार्क आणि मार्ग्युलीस या संशोधकांना ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचे काही असे वाण मिळाले, ज्यांना दोन डीएनएंमधली अदलाबदल जमत नव्हती. तेच वाण अतिनील किरणांपुढेही टिकत नव्हते. त्यांच्यात बिघडलं होतं ते एक जनुक, आणि त्यापासून बनणारं प्रथिन म्हणजे रेकए.

हे प्रथिन काय करतं ते पाहिलं की मी दर वर्षी नव्याने थक्क होतो. नक्कल अडली की डीएनएचा एक धागा उघडा पडतो. रेकएचे शेकडो रेणू एकामागोमाग एक त्यावर बसत जातात, दर तीन अक्षरांमागे एक, आणि मळसूत्रासारखी दोरी तयार होते. ही दोरी पेशीतल्या दुसऱ्या, धडक्या प्रतीत आपल्याशी जुळणारा मजकूर शोधते आणि त्याच्या आधाराने तुटलेली जागा भरून निघते. शिवाय हीच दोरी लेक्सए नावाच्या पहारेकऱ्याला स्वतःचेच दोन तुकडे करायला लावते. तो बाजूला झाला की त्याने दाबून ठेवलेली चाळीसहून जास्त जनुकं जागी होतात आणि दुरुस्तीचं काम जोरात सुरू होतं. आपल्या पेशींतही जुळणारा मजकूर शोधून तुटलेली जागा भरायचं काम याच कुळातलं रॅड51 हे प्रथिन करतं.

रेकए आणि दुरुस्तीची आणखी एक यंत्रणा अशा दोन्ही बंद पाडलेल्या जीवाणूला अशा एक-दोन जखमाही मारायला पुरतात. दोन्ही शाबूत असलेला ई. कोलाय हजारो जखमा पचवतो. आपल्या विहिरीत हे दुसरे असतात. त्यात भर म्हणजे, उजेडाच्याच मदतीने चिकटलेले थायमिन सोडवणारं एक एन्झाइमही बऱ्याच जीवाणूंकडे असतं. अतिनील किरणांनी संपले असं वाटलेले सूक्ष्मजीव साध्या प्रकाशात पुन्हा वाढू लागतात, हे अल्बर्ट केल्नर यांनी 1949 सालीच दाखवलं.

‘दुबळे जंतू बाधत नाहीत’ हा दावा तर याहून धोक्याचा. जखमी पेशी सावरते, पुन्हा विभागू लागते. घाईच्या दुरुस्तीत चुकाही राहतात, म्हणजे नवे बदल घेतलेले जंतू तयार होतात.

भांड्यांबद्दल थोडक्यात. स्टीलमधून प्रकाश जातच नाही, फक्त तोंडातून आत येतो तेवढाच. साधी काच डीएनएवर थेट घाव घालणाऱ्या किरणांपैकी बहुतेक अडवते. घरच्या फिल्टरमधला अतिनील दिवा वेगळा: त्याचे 254 नॅनोमीटरचे किरण उन्हातून आपल्यापर्यंत येतच नाहीत, ओझोनचा थर ते वरच गिळतो.

मग उन्हाची पद्धत खोटी का? नाही. बैरूतचे आफ्तिम अक्रा यांनी 1980 च्या दशकात ती मांडली आणि पुढे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी ती पक्की केली. तिथे पारदर्शक, दोन लिटरपर्यंतची प्लास्टिकची बाटली लागते, पाणी नितळ लागतं, आणि कडक उन्हात ती निदान सहा तास आडवी ठेवावी लागते. आभाळ निम्म्याहून जास्त भरलेलं असेल तर सलग दोन दिवस. तिथे जंतू मरतात ते मुख्यतः प्रकाशामुळे पाण्यात तयार होणाऱ्या आक्रमक ऑक्सिजनने, आणि पाणी चांगलंच तापलं तर उष्णतेनेही. एवढा मारा तासन्‌तास चालू राहिला की दुरुस्तीलाच उसंत मिळत नाही.

आता आपलं आभाळ बघा. जून ते सप्टेंबर सलग ऊन कुठे मिळतं? पहिल्या दोन-तीन सरींतच तांबडी माती उतरून बांयचं पाणी गढूळ होतं, आणि गढूळ पाण्यात प्रकाश शिरत नाही. पाणी निवळू द्या, फडक्याने गाळा, खळखळून उकळी आली की मिनिटभर तसंच ठेवा आणि त्याच भांड्यात झाकून निवू द्या. त्या दोघींनाही मी हेच सांगितलं आहे.