डोक्यावर बर्फ कुणी ठेवायचा?

ऑफिसात दर तिसऱ्या टेबलावर तो लाल मग दिसतो. वर मुकुट, खाली पांढरी अक्षरं: 'कीप काम अँड कॅरी ऑन', म्हणजे शांत राहा आणि चालू ठेवा. गैरसमज असा, की दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा हे पोस्टर जागोजागी होतं आणि ते वाचून इंग्रज निवांत चहा पीत बसले.

छे! १९३९ साली ब्रिटनच्या माहिती मंत्रालयानं सुमारे २५ लाख प्रती छापल्या खऱ्या, पण मोठ्या हल्ल्यासाठी राखून ठेवल्या. त्याच मालिकेतलं दुसरं पोस्टर मात्र लागलं. तुमचं धैर्य, तुमचा उत्साह, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल, अशा थाटाचं. लोक वैतागले. धैर्य आमचं आणि विजय यांचा? पुढे कागदाची टंचाई आली, राखून ठेवलेले बहुतेक गठ्ठे १९४० मध्ये लगद्यात गेले. बॉम्बवर्षाव सुरू झाला तो त्यानंतर, सप्टेंबरात. २००० साली इंग्लंडातल्या अ‍ॅनिक गावातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात खोक्याच्या तळाशी एक प्रत निघाली, आणि मग मगच मग.

मला राग मगचा नाही, उपदेशाचा आहे. आपल्याकडे पाणी तुंबलं, लोकल बंद पडली की 'मुंबई स्पिरिट'ला सलाम ठोकतात ना, तोच प्रकार. अहो, दुसऱ्या दिवशी माणूस निघतो कारण पगार कापला जातो!

त्या बॉम्बवर्षावात लंडनच्या गोदी कामगारांच्या वस्तीत आसऱ्यासाठी रस्त्यावर विटांचे निवारे बांधले होते. काहींच्या बांधकामात सिमेंटच नव्हतं. भुयारी स्टेशनांत आसरा द्यायला सरकार तयार नव्हतं. लोकांनी स्वस्तातलं तिकीट काढलं, खाली उतरले आणि वर यायलाच नकार दिला. सरकार नमलं. बाकडी, संडास, कँटीन सगळं नंतर आलं.

१४ सप्टेंबरला तर पूर्व लंडनमधल्या स्टेपनी भागाचा कम्युनिस्ट नगरसेवक फिल पिराटिन बायकापोरांसकट लोकांना घेऊन थेट सॅव्हॉय हॉटेलच्या तळघरात शिरला. श्रीमंत पाहुण्यांसाठी तिथे निवाऱ्याची झकास सोय होती. मॅनेजर गडबडला. मंडळींनी चहा मागवला, वर भावासाठी घासाघीसही केली. आता याला म्हणतात थंड डोकं! १९४५ साली पूर्व लंडनमधल्याच माईल एंडच्या मतदारांनी याच पिराटिनला पार्लमेंटात पाठवलं.