मुलांची माहिती: वापर हवाच, पण कशासाठी ते आधी ठरवा

शाळांनी मुलांची माहिती गोळा करावी का, असा विषय निघाला की चर्चा दोन टोकांना जाते. कुणी म्हणतं, गोळाच करू नका. कुणी म्हणतं, मुलांच्या भल्यासाठीच आहे ना, मग लपवायचं काय? मला दोन्ही पटत नाही.

शिकागोतल्या संशोधकांनी २००५ साली एक गोष्ट दाखवून दिली. मूल शाळा पूर्ण करणार की मध्येच गळणार, हे नववीच्या निकालावरूनच बरंचसं कळतं. नववीत रुळावर असलेल्या मुलांचं चार वर्षांत शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीनपट होतं. मग तिथले शिक्षक वर्ष संपायची वाट न बघता हजेरी आणि गुण पाहू लागले. कोण घसरतंय ते वेळेत दिसायला लागलं, घरी फोन जायला लागले, शिकवणी मिळायला लागली. माहिती गोळाच करू नका म्हणणाऱ्यांनी या मुलांचा विचार करावा.

आता फ्लोरिडातली पास्को काउंटी बघा. तिथे शाळेतले गुण आणि हजेरी शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या कार्यालयापर्यंत पोचली. त्यांनी त्याला बालकल्याण विभागाच्या नोंदी जोडल्या आणि पुढे गुन्हेगारीकडे वळू शकतील अशा मुलांची यादी केली. म्हणजे घरी ज्याचा छळ झाला, ते मूल त्याच कारणानं संशयित! यादीत चारशेहून जास्त नावं होती आणि आईवडिलांना त्याचा पत्ताही नव्हता. २०२० मध्ये एका वर्तमानपत्रानं हे बाहेर काढलं.

दोन्हीकडे माहिती जवळपास तीच होती, हजेरी आणि गुण. एकीकडे ती शिक्षकाच्या हातात राहिली, दुसरीकडे पोलिसांच्या हातात गेली. म्हणून मला वाटतं, माहिती किती जमवली यापेक्षा ती कुठल्या कामासाठी घेतली आणि त्या कामाबाहेर गेली का, हे आधी विचारायला हवं.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहलीची यादी म्हणून टाकलेली एक एक्सेल फाइल मी पाहिली आहे. नाव, जन्मतारीख, आईचा मोबाइल नंबर आणि शेवटच्या रकान्यात शेरे. ‘फिट येतात, गोळ्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात.’ त्याखाली, ‘आईवडील वेगळे राहतात.’ सोबत जाणाऱ्या शिक्षिकेला फिटचं माहीत असायलाच हवं, त्यावर मुलाचा जीव अवलंबून आहे. पण ते वर्गातल्या झाडून सगळ्या पालकांच्या फोनमध्ये कायमचं कशाला? यात कुणा हॅकरचा हात नव्हता. घाईत चुकीची फाइल गेली, एवढंच. अनेकदा माहिती अशीच फुटते.

आणि ‘पालकांची सही आहे’ हे उत्तर मला मान्य नाही. प्रवेशाच्या दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात घेतलेल्या सहीला संमती म्हणवत नाही. सही केली नाही तर मुलाला गृहपाठाचं ॲपच मिळणार नसेल, तर पालक नाही म्हणणार कसे?

पालकांना अंधारात ठेवलं की चांगलं कामही बुडतं. इनब्लूम नावाचा प्रकल्प अमेरिकेतल्या शाळांची माहिती एकत्र आणणार होता. त्यामागे दहा कोटी डॉलर होते. माहितीची चोरी झालेली नव्हती. पण माहिती कोण बघणार, कंपन्यांना काय मिळणार, या प्रश्नांना पालकांचं समाधान होईल असं उत्तर मिळालं नाही आणि २०१४ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानुसार शिक्षणातल्या माहितीच्या गोपनीयतेची कायद्यानं स्पष्ट हमी देणारे देश जेमतेम १६ टक्के आहेत. म्हणजे बाकी ठिकाणी विचारायचं काम आपल्यालाच करावं लागणार.

तेव्हा पुढच्या पालकसभेत शाळेला विचारा, कुठल्या ॲपकडे आपल्या मुलांचं काय काय आहे. आजारपणाचा रकाना कोणाकोणाला उघडता येतो. मूल शाळा सोडून गेलं की कंपनीकडची नोंद किती दिवसांत पुसली जाते. उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. आणि माहिती वापरून एखाद्या मुलाला वेळेत हात देणारी शिक्षिका तुमच्या शाळेत असेल, तर त्याच सभेत तिच्या पाठीशी उभे राहा.